रायपूरचे ऊन आणि चार दिवसांचे पिल्लू

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया मागे टाकते, सालेकसा-दरेकसाच्या जंगलातून वाट काढते आणि डोंगरगडला येते, तेव्हा डोंगरमाथ्यावरचे बम्लेश्वरीचे मंदिर खिडकीतून दिसू लागते. प्रवासी छत्तीसगडात आलेला असतो. पुढे राजनांदगाव, मग दुर्ग, पोलाद कारखान्याचे भिलाई आणि शेवटी रायपूर. नागपूरपासून सुमारे ३०० किलोमीटरचा हा प्रवास श्रावणात केला तर दोन्ही बाजूंना धानाच्या हिरव्यागार बांध्या भेटतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र त्याच बांध्या भेगाळून पडलेल्या असतात, तळी आटलेली असतात आणि खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसतो.

रायपूरचा उन्हाळा विदर्भातल्या माणसाला परका वाटत नाही. चंद्रपूर-नागपूरचीच ती धाकटी बहीण. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नऊ दिवसांचा ‘नौतपा’ सुरू होतो. विदर्भात त्यालाच नवतपा म्हणतात. या दिवसांत दुपारी शहराचे रस्ते ओस पडतात, कूलरची घरघर तेवढी ऐकू येते.

मराठी माणसाचे जुने गाव

रायपूरशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. नंतर तो मध्य प्रदेशात गेला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य होऊन रायपूर त्याची राजधानी झाली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० साली काढणारे माधवराव सप्रे याच भूमीत वावरले. शेजारच्या राजनांदगावच्या महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध हिंदी शिकवत होते. आजही रायपुरात महाराष्ट्र मंडळ आहे आणि गणपतीत आरत्यांचे सूर घुमतात.

इथे वाढलेल्या माणसांनी उन्हाशी जमवून घेतले आहे. रात्री शिजवलेला भात पाण्यात भिजत ठेवायचा आणि सकाळी कांदा, हिरवी मिरची, लोणचे यांच्यासोबत पाण्यासकट खायचा, ही इथली ‘बासी’. ताज्या भातात पाणी घालून खाल्ला तर तो ‘बोरे’. शेतावर जाणाऱ्या माणसाची न्याहारी तीच आणि उन्हावरचे औषधही तेच. २०२२ पासून १ मे या कामगार दिनी ‘बोरे बासी’ खाण्याचा सरकारी पातळीवर गौरवही झाला. त्याच्या जोडीला कैरीचे पन्हे, डोक्याला गमछा आणि खिशात कांदा.

घरातली वडीलधारी माणसे आणखी एक गोष्ट सांगतात. चैत्रात थोडे थोडे ऊन अंगावर घेतले, तर ज्येष्ठातले ऊन बाधत नाही. शरीराला सवय लागावी लागते. थंड प्रदेशातून एकदम मे महिन्यात उतरलेला पाहुणा पहिल्याच दिवशी आडवा होतो, तर उन्हात वाढलेला मजूर त्याच दिवशी काम करत असतो. हा अनुभव माणसांचा. पण याच तत्त्वावर कोंबड्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत बरेच काम केले आहे, आणि रायपूरसारख्या गावाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे.

भाताच्या कोठारात कोंबड्या

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. रायपूर, धमतरी, राजनांदगाव या पट्ट्यात राइस मिल जागोजागी आहेत. मिलमधून निघणारे धानाचे तूस कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर अंथरायला उत्तम. भाताचा कोंडा खाद्यात चालतो. शहरे वाढली तशी अंडी आणि चिकन यांची मागणी वाढली. मध्य भारतातला एक मोठा कुक्कुट-उद्योग, आयबी ग्रुप, याच पट्ट्यातल्या राजनांदगावात उभा राहिला. रायपूरहून आरंग, अभनपूर किंवा तिल्द्याच्या वाटेला लागले की शेतांच्या मध्ये लांबट, बुटक्या, जाळीच्या भिंतींच्या शेड दिसतात.

या शेड नेहमी पूर्व-पश्चिम लांबीच्या असतात. त्यामुळे दिवसभराचे ऊन लांब बाजूंमधून आत शिरत नाही. वर सिमेंटचे किंवा लोखंडी पत्रे, बाजूला जाळी, जाळीवर गोणपाटाचे पडदे. आत हजारो पांढरे पक्षी.

ब्रॉयलर कोंबडीचा धंदा बहुतेक ठिकाणी करारावर चालतो. एक दिवसाचे पिल्लू, खाद्य आणि औषध कंपनी देते. शेड, वीज, पाणी आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. पिल्लू ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या पुढे जाते, कंपनीची गाडी येऊन पक्षी घेऊन जाते आणि वजनाच्या हिशेबाने शेतकऱ्याला मोबदला मिळतो. किती खाद्य लागले आणि किती पक्षी मेले, यावर तो कमी-जास्त होतो.

गोम इथेच आहे. कोंबडी पहिल्या आठवड्यात दगावली तर नुकसान थोडे. पण चाळिसाव्या दिवशी दगावलेल्या दोन किलोच्या कोंबडीने तोवर तीन-सव्वातीन किलो खाद्य फस्त केलेले असते. उन्हाचा फटका नेमका या मोठ्या, विक्रीला आलेल्या पक्ष्यांना आधी बसतो. जितका जड पक्षी, तितकी त्याच्या शरीरात उष्णता जास्त. एखाद्या दुपारी वीज गेली, वारा पडला, की दीड महिन्याची मेहनत दोन-तीन तासांत मातीमोल होते. ज्या घराचा पावसाळ्याचा बी-बियाण्याचा खर्च, मुलांच्या शाळेची फी या कळपावर अवलंबून असते, त्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटवायला कुणाचे मन घेत नाही.

जिला घाम येत नाही

माणसाला उकडले की घाम येतो, घाम वाळतो आणि अंग थंड होते. कोंबडीच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. वर पिसांचा कोट. शिवाय तिच्या शरीराचे नेहमीचे तापमानच ४१ अंशांच्या पुढे. आपल्या थर्मामीटरने मोजले तर ठणठणीत कोंबडीही तापाने फणफणलेली दिसेल! हे तापमान आणखी चार-पाच अंशांनी चढले की तिचा जीव जातो. म्हणजे हाताशी सवड फारच थोडी.

उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच उपाय. पंख अंगापासून दूर धरून उघड्या भागाला वारा लागू द्यायचा. तुरा आणि गळ्याखालचे लोंबते कल्ले यांतून रक्त खेळवायचे. ते पुरले नाही, तर चोच उघडून धापा टाकायच्या. धापांबरोबर शरीरातले पाणी वाफ होऊन जाते आणि थंडावा मिळतो.

पण धापांची किंमत मोजावी लागते. त्यांच्यासोबत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर निघून जातो आणि रक्ताचा समतोल बिघडतो. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्याला लागणारा कार्बोनेटचा पुरवठा याच वायूपासून होतो. म्हणून कडक उन्हाळ्यात बाजारातून आणलेली अंडी पातळ कवचाची निघतात, पिशवीत लवकर फुटतात आणि आकारानेही जरा लहान असतात. गृहिणीला वाटते, दुकानदाराने खराब माल दिला. खरे तर तो दोष उन्हाचा असतो.

ब्रॉयलर जातींची मुळे थंड देशांत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निवड झाली ती झटपट वाढीसाठी. भरपूर खाणे, भराभर मांस चढवणे आणि त्यासोबत अंगात भरपूर उष्णता निर्माण करणे. मांस जितके वेगाने वाढले, त्या मानाने हृदय आणि फुप्फुसे वाढली नाहीत. असा पक्षी रायपूरच्या उन्हात आणून ठेवला आहे.

शेडमधली दुपार

म्हणून उन्हाळ्यात शेडमध्ये पहाटेपासून लगबग असते. पत्र्यांवर चुना फासलेला असतो किंवा धानाचे तणस पसरलेले असते. इथे त्याला ‘पैरा’ म्हणतात. छपरावर पाण्याची नळी धरतात, गोणपाट भिजवतात. सकाळी दहाच्या आत खाद्याची भांडी वर उचलतात आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा खाली सोडतात, कारण पचनामुळेही अंगात उष्णता वाढते. पाणी मात्र अखंड हवे. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात ते चौपटीच्या वर जाते. पाण्याची टाकी उन्हात असेल तर पाणी इतके तापते की कोंबड्या चोच लावत नाहीत. पाण्यात इलेक्ट्रोलाइट, ‘क’ जीवनसत्त्व किंवा खाण्याचा सोडा घालतात. एरवी एका कोंबडीला एक चौरस फूट जागा देतात, ती उन्हाळ्यात वाढवावी लागते. दुपारी दोन ते पाच या वेळेत कुणीतरी हलक्या पावलांनी शेडमधून फिरत राहते आणि बसलेल्या पक्ष्यांना उठवत राहते, म्हणजे त्यांच्या अंगाखाली कोंडलेली उष्णता मोकळी होते.

पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर कोरड्या हवेत चांगले काम देतात. पण जूनमध्ये ढग जमून हवा दमट झाली, की तुषारांनी उकाडा उलट वाढतो. थोडक्यात, हे सारे उपाय कोंबडीभोवतीची हवा थंड करण्याचे. कोंबडीलाच थोडे कणखर करता येईल का, हा प्रश्न वेगळा.

एका दिवसाचा धडा

१९८८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच दिवसांची पिल्ले त्यांनी २४ तास ३५ ते ३७.८ अंश तापमानात ठेवली आणि पुन्हा नेहमीसारखी वाढवली. विक्रीच्या वयाला आल्यावर ती आणि इतर पक्षी एकत्र कडक उष्णतेत ठेवले. लहानपणी एक दिवस उष्णता सोसलेल्या पक्ष्यांमध्ये मृत्यू कमी झाले.

इस्रायलमधील व्होल्कानी संस्थेत श्लोमो याहाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. १९९६ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून वेळ आणि तापमान यांचा मेळ अधिक नेमका झाला. वय तिसऱ्या दिवसाच्या आसपास, तापमान ३६ ते ३७.५ अंश, मुदत २४ तास. व्हेनेझुएलासारख्या उष्ण देशातही पाचव्या दिवशी ३८ अंशांचा प्रयोग झाला. तपशिलात फरक असला तरी सूत्र एकच: पहिला आठवडा, एकच दिवस, बेताची उष्णता.

पहिलाच आठवडा का? अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला स्वतःचे तापमान सांभाळता येत नाही. म्हणून तर कोंबडी त्याला पंखाखाली घेते आणि शेडमध्ये बल्ब किंवा शेगडी लावून ब्रूडरची ऊब द्यावी लागते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराच्या उष्णतेचे नियंत्रण असते. पहिल्या काही दिवसांत ते घडत असते, ओल्या मातीच्या मडक्यासारखे. या काळात उष्णतेचा अनुभव मिळाला, तर मडक्याचा आकार जरा वेगळा होतो. पुढे अशा पक्ष्याच्या शरीरातील थायरॉइडचे संप्रेरक कमी राहते, म्हणजे शरीराची भट्टी मंद जळते. कडक उन्हात त्याचे तापमान इतरांपेक्षा कमी चढते आणि धापा कमी लागतात.

त्या एका दिवसात पिल्लू कमी खाते आणि वाढ मागे पडते. पण पुढच्या दिवसांत ते ती कसर भरून काढते. विक्रीच्या वेळी वजनात तोटा राहत नाही.

याहून मागे जाण्याचाही प्रयत्न झाला आहे. कोंबडीचे अंडे २१ दिवस उबते. उबवणी यंत्रात तापमान साधारण साडेसदतीस अंश असते. इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत रोज बारा तास ते ३९.५ अंश ठेवले आणि आर्द्रता ६५ टक्के. त्यातून निघालेले पक्षीही उष्णतेला अधिक टिकाऊ ठरले. हे काम मात्र हॅचरीचे. साध्या शेतकऱ्याच्या हातातले नव्हे.

होळीचे पिल्लू, अक्तीची कोंबडी

रायपूरच्या पंचांगात हा धडा कुठे बसतो? होळीच्या सुमारास शेडमध्ये आलेले पिल्लू घ्या. तेव्हा दुपारी ऊन असते, पण रात्री अजून सुखद असतात. पिल्लू आरामात वाढते. चाळीस दिवसांनी, अक्षय्य तृतीयेच्या आसपास, ते विक्रीला येते. छत्तीसगडात या सणाला ‘अक्ती’ म्हणतात. मुली मातीच्या बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात आणि शेतकरी नव्या हंगामाची सुरुवात करतात. याच वेळी पारा चाळिशी ओलांडतो. दोन किलोचा, जाड पिसांचा, कधीही उष्णता न सोसलेला पक्षी एकदम लाटेत सापडतो. सवयीची गरज सर्वांत जास्त असते ती याच कळपाला.

मे महिन्यात आलेल्या पिल्लांची गोष्ट उलटी. तेव्हा दुपारी शेडच ४० अंशांच्या घरात गेलेली असते. तिथे आणखी उष्णता देणे म्हणजे पिल्लाला मारणे. त्या दिवसांत दुपारी बल्ब बंद करून, पडदे वर करून, तापमान खाली आणण्याचीच धडपड हवी.

फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये ज्यांना हा उपाय करायचा आहे, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. ब्रूडरमध्ये पहिल्या आठवड्यात एरवीच ३३ ते ३५ अंश ठेवतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांमध्ये एकदा, बल्ब वाढवून ते ३६-३७ पर्यंत न्यावे आणि २४ तास राखावे. थर्मामीटर भिंतीवर नव्हे, तर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगावा. ३८ च्या वर जाऊ देऊ नये. पाण्याची भांडी वाढवावीत आणि ती कधीही कोरडी पडू देऊ नयेत. पडदे पूर्ण बंद करून हवा कोंडू नये. पिल्ले पंख पसरून चोच उघडतील, ते अपेक्षित आहे. पण ती निपचित पडू लागली, तर ताबडतोब उष्णता कमी करावी. दूरच्या प्रवासाने थकलेल्या किंवा आजारी पिल्लांवर हा प्रयोग करू नये. आणि पहिल्या खेपेला सगळ्या कळपावर न करता थोड्या पिल्लांवर करून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाहावे. या भागात सल्ला दुर्मीळ नाही. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. रायपुरात १९८७ पासून इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. विदर्भातल्यांसाठी नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

एक दिवस पिल्लांना तापवणे क्रूरपणाचे नाही का, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर शेडमधल्या त्या दुपारी आहे. एका दिवसाची मोजूनमापून दिलेली अस्वस्थता एका बाजूला आणि चाळिसाव्या दिवशी गुदमरून मरणे दुसऱ्या बाजूला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे खरे; पण घाव घालणाऱ्याचा हात बेताचा हवा, हेही तितकेच खरे.

अंगणातली कोंबडी काय सांगते

हा धडा म्हणजे कवचकुंडले नव्हेत. तो मृत्यू कमी करतो, थांबवत नाही. सावली, वारा आणि गार पाणी नसेल, तर शिकवलेला पक्षीही टिकणार नाही.

रायपूरच्या दक्षिणेला बस्तरकडे गेले की अंगणात वेगळ्याच कोंबड्या फिरताना दिसतात. उंच पायांची, सडपातळ, तोकड्या पिसांची असील ही जात या मुलखाचीच. आदिवासींच्या कोंबडबाजारात तिला मोठा मान. झाबुआचा कडकनाथ दंतेवाड्यातही पाळला जाऊ लागला आहे. या कोंबड्या दुपारी झाडाखाली मातीत खड्डा करून बसतात आणि ऊन उतरले की पुन्हा चरायला निघतात. दोन किलोची व्हायला त्यांना कित्येक महिने लागतात, पण नौतपा त्यांना हरवू शकत नाही. बरेलीजवळ इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील, कडकनाथ आणि उघड्या मानेच्या देशी कोंबड्यांपासून संकरित जाती काढल्या आहेत. उघड्या मानेच्या पक्ष्याला पिसे कमी, म्हणून उष्णता लवकर बाहेर पडते. हैदराबादच्या संचालनालयाची ‘वनराजा’ही परसबागेसाठीच आहे.

म्हणजे वाटा दोन आहेत. एक, उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली जात पाळायची आणि वेळ द्यायचा. दुसरी, झटपट वाढणारी परकी जात पाळायची आणि तिला लहानपणीच इथल्या उन्हाची ओळख करून द्यायची. शहराची भूक पाहता दुसरी वाट बंद होणार नाही. तिच्यावरून चालणाऱ्याच्या हाती असलेला स्वस्तातला उपाय म्हणजे चार जादा बल्ब, एक थर्मामीटर आणि एका रात्रीचे जागरण.

संध्याकाळी रायपूरच्या बूढा तलावाकाठी वारा सुटतो, लोक घराबाहेर पडतात, उसाच्या रसाच्या गाड्यांवर गर्दी होते. शहराबाहेरच्या शेडमध्ये खाद्याची भांडी पुन्हा खाली सोडली जातात आणि दिवसभर धापा टाकणारे पक्षी त्यांच्याभोवती गोळा होतात. शेतकरी मेलेले पक्षी मोजायला जाळीचे दार उघडतो. तो आकडा कमी करण्याचे काम चाळीस दिवस आधी, मार्चमधल्या एका रात्री, ब्रूडरजवळ बसून करता येते.